कातडीवरचे पहारेकरी

नरकचतुर्दशीची पहाट होती. घंगाळात कढत पाणी, अंगणात पणत्या, आणि आमचे थोरले बंधू अण्णा चौरंगावर बसलेले. बोलता बोलता त्यांनी पाऊल घंगाळात ठेवले आणि गप्पा तशाच चालू राहिल्या. वहिनी विसण घालायला आल्या, तो पाय लालभडक झालेला! अण्णांना पत्ताही नव्हता. दीर्घकाळच्या मधुमेहाने त्यांच्या पावलांतील ज्ञानतंतू केव्हाच निकामी केले होते. त्या दिवसापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीना. चटका बसल्याची वर्दी शरीरात देतो तरी कोण?

आपण त्वचा हे एकच ज्ञानेंद्रिय मानत आलो. १८८२ साली स्वीडनमधील उप्साला येथे माग्नुस ब्लिक्स यांनी कातडीचा ठिपका न् ठिपका तपासला. तेव्हा आढळले, की काही ठिपक्यांना फक्त गारवा कळतो, काहींना फक्त ऊब. म्हणजे पहारेकरी एक नव्हे, अनेक; आणि ज्याची त्याची वर्दी निराळी.

पण पहाराच उठला तर? लंडनचे डॉक्टर हेन्री हेड यांचे रोग्यांच्या मोघम उत्तरांनी समाधान होईना. २५ एप्रिल १९०३ रोजी त्यांनी स्वतःच्याच डाव्या हातातील ज्ञानतंतू कापून घेतला आणि टोके पुन्हा शिवून घेतली! पुढे चार वर्षे केंब्रिजला आपले मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्यापुढे ते डोळे मिटून हात धरीत. रिव्हर्स कधी सुई टोचीत, कधी कापूस फिरवीत, कधी ऊन-गार वस्तू टेकवीत. आधी परतली ती ढोबळ वेदना. नेमके कुठे दुखते हे सांगणारी नाजूक जाण फार मागाहून आली. त्यावरून त्यांनी केलेली संवेदनांची वर्गवारी पुढे टिकली नाही. त्यांच्या धैर्याची गोष्ट मात्र टिकली.

पहारेकऱ्याला उष्णता कळते कशी, याचे उत्तर मात्र मिरचीने दिले. १९९७ साली कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांना ज्ञानतंतूवरचे एक सूक्ष्म दार सापडले. मिरचीतील तिखट द्रव्याने ते उघडते, आणि सुमारे ४३ अंश सेल्सिअसपलीकडच्या उष्णतेनेही तेच उघडते. दार उघडले की विद्युत्भारित कण आत शिरतात, विजेचे स्पंद उठतात आणि मेंदूकडे धाव घेतात. मिरचीने तोंड ‘पोळते’ असे आपण म्हणतो, ते काही उगीच नव्हे! २०२१ साली ज्युलियस यांना, दाब ओळखणारी दारे शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले.

दुखणे नको, असे आपण सारेच म्हणतो. अण्णांचा पाय भरून यायला पुढे दोन महिने लागले, तेव्हा दुखण्याची किंमत आम्हांला कळली. आता त्यांच्या स्नानाआधी नात पाण्यात हात घालून पाहते.

यंदा फराळाला बसलो असता चिवड्यातली मिरची अण्णांच्या दाताखाली आली. डोळ्यांत पाणी, पण चेहरा हसरा.

“चला,” ते म्हणाले, “या वेशीवरचा पहारेकरी तरी जागा आहे!”