कार्यकारी क्षमता : मुलांमधील मापन व आधार
कार्यकारी क्षमता म्हणजे हेतू धरून वागण्यासाठी लक्ष, आवेग व विचार नियंत्रित करणाऱ्या मानसिक प्रक्रिया. अकिरा मियाके व सहकाऱ्यांनी २००० मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून यांचे तीन घटक वेगळे दाखवले : आवेगरोध, कार्यस्मृतीचे अद्ययावतीकरण आणि एका कामावरून दुसऱ्याकडे वळणे. मात्र या घटकांच्या केवळ चाचणीवरून मुलाबद्दल निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते. टोपलाक, वेस्ट व स्टॅनोविच यांच्या २०१३ च्या आढाव्यात चाचणीचे गुण आणि पालक-शिक्षकांच्या प्रश्नावल्या यांचा मेळ क्षीण आढळला. चाचणीत सूचना, वेळ, क्रम परीक्षकच ठरवतो; वर्गात हे सारे मुलालाच सांभाळावे लागते. प्रश्नावल्यांत पूर्वग्रह शिरतो हा आक्षेप खरा आहे, म्हणून जोडीला वर्गातील निरीक्षण हवेच. आधाराचा विचार करता, या क्षमता वाढवण्यासाठीच्या संगणकीय सरावाचा लाभ बहुधा तशाच कामांपुरता उरतो. त्यापेक्षा कामाचे टप्पे पाडणे, लेखी सूचना व दृश्य वेळापत्रक अधिक थेट उपयोगी पडतात. अशा आधाराने मूल परावलंबी होईल, ही भीती आधार टप्प्याटप्प्याने काढून घेतल्यास उरत नाही.