कोलांस : तलाव भरणारी नदी

भोपाळला पाहुणे आले की आपण मराठी मंडळी त्यांना आधी बडा तालाब दाखवायला नेतो. धारच्या परमार राजा भोजाने अकराव्या शतकात तो बांधला, हेही अभिमानाने सांगतो. पण या तलावात पाणी आणते कोण, असे मी ओळखीच्या अनेकांना विचारले, तेव्हा बहुतेकांनी "पाऊस" एवढेच उत्तर दिले. म्हणून यंदाचा लेख कोलांस नदीसाठी.

कोलांस सिहोर जिल्ह्यात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत भोपाळला येते. पूर्वी ती पुढे हलाली नदीला मिळत असे. आज कमला पार्क आहे तिथे मातीचा बांध घालून तिला अडवले गेले. तलाव भरला की जादा पाणी भदभद्याहून कलियासोत नदीत जाते. तिथले दरवाजांचे धरण १९६५ चे. हलाली काय, कलियासोत काय, दोन्ही बेतव्यालाच मिळतात. म्हणजे कोलांसचा मुक्काम तोच राहिला, वाट तेवढी बदलली.

कलियासोत या नावामागे दंतकथा आहे. आजारी राजाने ३६५ प्रवाहांच्या पाण्यात स्नान करावे, असे एका साधूने सांगितले. भोजपूरच्या तलावासाठी प्रवाह मोजले, तर काही कमी भरले. तेव्हा कालिया नावाच्या गोंड प्रमुखाने एक लपलेली नदी दाखवली. तिला त्याचेच नाव मिळाले : कालियाचा सोत, म्हणजे झरा. विल्यम किंकेड यांनी १८८८ मध्ये ही कथा छापली. तिला इतिहास म्हणता येणार नाही, पण पाणी दाखवणाऱ्याचे नाव लोकांनी जपले, हे मला मोलाचे वाटते.

२०११ मध्ये बड्या तालाबाचे नाव अधिकृतपणे 'भोजताल' झाले. तलावाला राजाचे नाव, बाहेर पडणाऱ्या नदीला गोंडाचे. पाणी आणणारी कोलांस मात्र तलावात शिरली की तिचे नावच संपते. पुलावरून जाणारे तिला सरळ 'नाला' म्हणतात. पण २००९ च्या उन्हाळ्यात तलाव आटला आणि लोक गाळ काढायला श्रमदानाला उतरले, तेव्हा साऱ्या शहराचे डोळे तिच्याकडेच लागले होते. १६६६.८० फुटांची पूर्ण पातळी गाठायची, तर कोलांसला पूर यावाच लागतो.

हेच पाणी शहराच्या बऱ्याच भागांत नळाला येते. तेव्हा बाप्पाची मूर्ती शाडूची आणू, निर्माल्य वेगळे ठेवू, आणि मुलांना तलावाबरोबर नदीचेही नाव सांगू.

गणपती बाप्पा मोरया!