प्रतिस्पर्ध्याच्या कोठारावर उभे राहिलेले साम्राज्य

१९७२ साली जर्मनीतील आयबीएमची नोकरी सोडून पाच अभियंत्यांनी ‘सॅप’ ही कंपनी स्थापन केली, तेव्हा त्यांच्यापाशी स्वतःचा संगणकही नव्हता. आयसीआय कंपनीच्या ओस्ट्रिंगेन येथील नायलॉन कारखान्यातल्या संगणकावर, पुष्कळदा रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बसून, त्यांनी आपले पहिले सॉफ्टवेअर रचले. परक्या यंत्रावर संसार मांडण्याची ही सवय पुढे चार दशके टिकली.

ऐंशीच्या दशकात त्यांचे ‘आर/२’ हे सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांच्या मेनफ्रेमवर चालत असे. हिशेब, साठा, पगार, उत्पादन सारे एकत्र. पुढच्या ‘आर/३’साठी मात्र आयबीएमचे एएस/४०० हे मध्यम आकाराचे यंत्र योजले होते. त्यावर वेग पुरा पडेना. तेव्हा ऐन वेळी मोहरा वळवून युनिक्सचे सर्व्हर आणि ओरॅकलचा डेटाबेस स्वीकारण्यात आला. १९९१ मध्ये हॅनोव्हरच्या प्रदर्शनात जगाने त्याची झलक पाहिली आणि १९९२ मध्ये ते बाजारात आले.

या निर्णयात एक पेच दडलेला होता. ओरॅकल नुसता डेटाबेस विकत नव्हती. हिशेबाचे सॉफ्टवेअर विकण्याच्या धंद्यातही ती उतरली होती. म्हणजे सॅपचा नवा ग्राहक ओरॅकलचा डेटाबेस निवडी, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या खजिन्यातही भर पडे.

सॅपने यावर शोधलेला उपाय मुत्सद्दीपणाचा होता. आर/३ची रचना तीन थरांची: कारकुनाच्या मेजावरचा पडदा, मधला अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आणि तळाशी डेटाबेस. व्यवहाराचे नियम, नोंदींमधील परस्परसंबंध, इतकेच काय, एकाच नोंदीवर दोघांनी हात घालू नये म्हणून लावायचे कुलूपही मधल्या थरात ठेवले गेले. ‘ओपन एसक्यूएल’ या सामाईक बोलीत लिहिलेली आज्ञा ज्या त्या डेटाबेसच्या भाषेत आपोआप उतरे. डेटाबेस उरला तो निव्वळ कोठारापुरता. कोठार बदलले तरी कारभार अडू नये, हा हेतू. त्यामुळे ग्राहकाला ओरॅकल, इन्फॉर्मिक्स, आयबीएमचा डीबी२, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर यांतून निवड करता येऊ लागली. युनिक्सच्या जोडीला विंडोज एनटीही आले.

या स्वातंत्र्याची किंमत होतीच. सर्वांना समान वागवायचे म्हटल्यावर कोणाचेच खास सामर्थ्य वापरता येत नाही. लाखो नोंदी तळातून मधल्या थरात ओढून आणायच्या आणि मग बेरीज करायची, असा उलटा व्यापार चाले. मोठे अहवाल रात्री चालवण्याची प्रथा अनेक कचेऱ्यांत पडली, त्यामागचे एक कारण हेच.

१९९७ मध्ये सॅपने ‘अ‍ॅडाबास डी’ हा डेटाबेस हाती घेतला. पुढे तोच ‘मॅक्सडीबी’ झाला. परंतु ओरॅकलचे आसन त्याने हलले नाही. २००५ मध्ये ओरॅकलने १० अब्ज डॉलरांहून अधिक मोजून पीपलसॉफ्ट ही व्यावसायिक सॉफ्टवेअरची बडी कंपनी गिळली आणि आतापर्यंतची चकमक उघड युद्धात बदलली.

संस्थापकांपैकी हासो प्लाटनर यांच्या पॉट्सडॅम येथील संस्थेत दरम्यान वेगळाच प्रयोग सुरू होता: सारा डेटा डिस्कऐवजी थेट स्मृतीत आणि ओळींऐवजी स्तंभांनी मांडायचा. त्या संशोधनाच्या आधाराने २०१० मध्ये ‘हाना’ अवतरला. त्याच वर्षी सॅपने ५.८ अब्ज डॉलरांना सायबेस ही डेटाबेस कंपनीही घेतली.

आणि मग जुन्या मुत्सद्देगिरीचीच उलटापालट झाली. २०१५ मध्ये आलेले ‘एस/४ हाना’ फक्त हानावर चालते आणि हाना फक्त लिनक्सवर. हिशेबाचे काम पुन्हा डेटाबेसच्या पोटात गेले. ज्या कंपनीने वीसहून अधिक वर्षे ग्राहकाला निवडीची मुभा दिली, तिनेच ती काढून घेतली. वेग मिळाला, पण तळघराची किल्लीही आता सॅपच्याच हाती आली. जुन्या प्रणालींचा नियमित आधार आधी २०२५ पर्यंतच मिळणार होता. ग्राहकांची तयारी होईना, तेव्हा २०२० मध्ये ती मुदत २०२७ वर नेली गेली. त्यापुढची तीन वर्षे हवी असतील, तर ज्यादा दाम मोजावे लागतील.