मु. म्हणजे मुक्काम नव्हे

जुनं खरेदीखत हाती आलं की आजची शिकलेली पोरंही पहिल्याच ओळीत अडतात. अक्षर बाळबोध, भाषा आपलीच. पण शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं लिहिलेलं. मौ., व., सा., पै. बाकीचं वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं.

आपला भंडारा जिल्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. रघुजी तिसरे 1853 मध्ये वारले, राज्य खालसा झालं अन् 1861 मध्ये मध्यप्रांत तयार झाला. साहेब बदलले, पण कचेरीतली फारसी शब्दांची वहिवाट राहिली. मौ. म्हणजे मौजा. व. म्हणजे वल्द, अमक्याचा मुलगा. सा. म्हणजे साकिन, राहणार.

खरा घोळ होतो तो एका अक्षराचे दोन अर्थ असले म्हणजे. पै. रकमेत असेल तर पई; बारा पईचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. तेच पै. शेताच्या नंबरापुढे असेल तर पैकी. ते नजरेतून सुटलं की बांधीचा एक तुकडा विकलेला असताना अख्खी बांधी गेली असं वाटते.

तसंच मु.चं. गावाच्या नावामागे असेल तर मुक्काम. बाईच्या नावामागे असेल तर मुसम्मात, म्हणजे श्रीमती. पुढे बे. असेल तर ती बेवा, विधवा, जौ. असेल तर जौजे, म्हणजे अमक्याची बायको.

आमच्या घरी सांगत आले की पणजा वारल्यावर तलावाखालची बांधी त्याच्या धाकट्या भावानं घेतली. खरेदीखतात घेणार म्हणून आजोबाचं नाव आहे, पुढे ना. बा., म्हणजे नाबालिग. त्यापुढे वली, म्हणजे पालक, मग मु., एक नाव, बे. आणि पणज्याचं नाव. धाकट्या भावाचं नाव त्या कागदात कुठंच नाही. बांधी पणजीनं घेतली होती, पोराच्या नावानं.

असा कागद वाचायचा तर एकाच ओळीवर अर्थ ठरवू नये. त्याच लिहिणाऱ्यानं तेच अक्षर आणखी कुठं कुठं लिहिलं ते पाहावं, मागंपुढं गाव आहे की माणूस ते पाहावं. एखाद्या ठिकाणी तरी तो पूर्ण शब्द लिहून जातोच.

आमच्या वंशावळीत चार पिढ्यांचे पुरुषच होते. आता पणज्याच्या बाजूला पणजीचं नाव लिहिलं आहे, पूर्ण, एकही अक्षर न तोडता.