वेग नाकारणारा माणूस

विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर तुम्ही दाटीवाटीनं बसला आहात. शनिवार, ५ जुलै १९७५. शेजारच्यांची चर्चा एकच: जिमी कॉनर्स किती लवकर उरकणार? २२ वर्षांचा हा गतविजेता स्पर्धेत अजून एकही सेट हरलेला नाही. समोर आर्थर अ‍ॅश, पाच दिवसांनी ३२ पूर्ण करणारा, त्याच्याकडून आधीच्या तिन्ही लढती हरलेला. शिवाय कॉनर्सनं त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकलाय. डेव्हिस कपसाठी देशाकडून खेळत नाही, म्हणून अ‍ॅशनं टीका केली होती. अ‍ॅश आज आलाय तो डेव्हिस कपचंच जॅकेट घालून. तोंडातून शब्द न काढता काढलेला चिमटा!

आता तो आपली सणसणीत सर्व्हिस मारेल, असं तुम्हाला वाटतं. पण कॉनर्स जगतो तो प्रतिस्पर्ध्याच्या वेगावर, आणि अ‍ॅश त्याला वेगच देत नाही. वळत बाहेर जाणारी सर्व्हिस कॉनर्सच्या दोन हातांच्या बॅकहँडला कोर्टाबाहेर ओढते. फोरहँडला मिळतात ते गवतावरून जेमतेम उठणारे, जीव नसलेले चेंडू. नेटकडे धावला, की डोक्यावरून लॉब. ६-१, ६-१. प्रेक्षकांतून कुणीतरी ‘कम ऑन, कॉनर्स!’ ओरडतं, तर हा वैतागून उलट ओरडतो, प्रयत्न करतोच आहे!

बाजू बदलताना अ‍ॅश खुर्चीत डोळे मिटून बसतो. त्याला जन्मजात थंड म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये गोऱ्यांच्या कोर्टवर त्याला मज्जाव होता. त्याचे प्रशिक्षक डॉ. रॉबर्ट जॉन्सन यांनी आपल्या कृष्णवर्णीय शिष्यांना शिकवलं, की चेंडू थोडा बाहेर पडला तरी आत धरून खेळा. भांडणाला निमित्तच देऊ नका. हा संयम त्याला घडवून घ्यावा लागलाय.

तिसरा सेट कॉनर्स ७-५ घेतो. चौथ्यात ३-० पुढे. तुम्ही पुढे सरकून बसता: आता तरी मार रे जोरात! अ‍ॅश मारत नाही. तेच संथ चेंडू, तीच बाहेर ओढणारी सर्व्हिस. ६-४. अ‍ॅश वळून आपल्या माणसांकडे मूठ उंचावतो. विम्बल्डनचा पहिला कृष्णवर्णीय पुरुष विजेता!

बक्षीस १०,००० पौंड, आणि या वेळी ते त्याचंच. १९६८ची यूएस ओपन त्यानं हौशी खेळाडू म्हणून जिंकली, तेव्हा बक्षिसाचे १४,००० डॉलर अंतिम सामन्यात हरलेल्या टॉम ओकरला मिळाले होते.

दावा कॉनर्सनं नंतर मागे घेतला.