रस्ता कुणाचा, वाहिनी कुणाची?

आजचा विषय वरवर पाहता रुक्ष वाटेल: अमेरिकेतल्या शहरांनी केबल टीव्हीवर देखरेख कशी ठेवली. पण आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. आम्हाला त्यात एक जुना प्रश्न दिसतो. सगळ्यांची जागा वापरून जो कमावतो, त्याच्याकडे समाजाने काय मागावं?

१९४८च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया, ओरेगन इथल्या काही डोंगराळ गावांत टीव्हीचं चित्र नीट पोहोचत नसे. मग कुणीतरी उंचावर अँटेना उभारायचा आणि तिथून घरोघर तार ओढायचा. तार ओढायची तर रस्ते ओलांडायला हवेत. रस्ता गावाचा, म्हणून परवानगीही गावानेच द्यायची. या परवान्याला तिकडे ‘फ्रँचाइज’ म्हणतात, आणि सगळ्या देखरेखीचा पाया तोच. हवेतून लहरी सोडणाऱ्या टीव्ही केंद्राचा परवाना वॉशिंग्टनच्या संघीय आयोगाकडून येई. गावाला त्यात कोण विचारतो? केबलवाल्याला मात्र गावाच्या वेशीतूनच जावं लागे.

या वेशीवर काय मागता येतं, ते न्यूयॉर्कने दाखवलं. १९७० साली मॅनहॅटनचे परवाने देताना शहराने अट घातली की काही वाहिन्या सामान्य नागरिकांसाठी मोकळ्या ठेवा. जुलै १९७१ मध्ये त्या सुरू झाल्या. त्याच वर्षी जॉर्ज स्टोनी आणि रेड बर्न्स यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात ‘अल्टरनेट मीडिया सेंटर’ काढलं आणि साध्या माणसांच्या हाती व्हिडिओ कॅमेरा दिला. १९७२ला संघीय आयोगाने मोठ्या शहरांतल्या केबल कंपन्यांवर अशा वाहिन्यांची सक्ती केली. १९७९ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. आयोगाला तसा अधिकारच नाही, म्हणून. पण शहरं आपापल्या करारांत हीच अट घालत राहिली. रस्ता त्यांचा होता ना! शेवटी १९८४च्या केबल कायद्याने चौकट पक्की केली: केबल सेवेच्या उत्पन्नावर शहराने जास्तीत जास्त ५ टक्के शुल्क घ्यावं, आणि जनता, शिक्षण व स्थानिक शासन यांच्यासाठी वाहिन्या मागाव्यात. नगर परिषदेच्या सभा लोकांना घरबसल्या दिसू लागल्या, त्या अशाच वाहिन्यांवर. सभा कंटाळवाण्या असतात, हे कबूल. पण कुणीतरी बघतंय म्हटल्यावर नगरसेवक जरा तयारी करून येतो, असं आमचं मत आहे.

इथवर सगळं गोड. खरी परीक्षा झाली १९८८ला, मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत. कू क्लक्स क्लान ही गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कार करणारी, हिंसेचा मोठा इतिहास असलेली संघटना. तिने मोकळ्या वाहिनीवर वेळ मागितली. एकट्या क्लानला नाही म्हणायची कायद्यात सोय नव्हती. मग नगर परिषदेने काय केलं? ती वाहिनीच बंद करायचं ठरवलं, आणि तिच्या जागी कंपनीच्या संपादनाखाली चालणाऱ्या वाहिनीला मुभा दिली. प्रकरण न्यायालयात गेलं. १९८९ला संघीय न्यायाधीशांनी दावा फेटाळायला नकार दिला, तेव्हा शहराने वाहिनी पुन्हा सुरू केली.

आमचं मन इथे दोन्हीकडे ओढलं जातं. अस्पृश्यतेची भाषा माणसाचं काय करते हे आपल्या समाजाने पाहिलं आहे. द्वेष म्हणजे नुसतं एक ‘मत’, असं आम्ही म्हणणार नाही. पण परिषदेचा उपाय बघा. एका संघटनेसाठी तिने अख्ख्या गावाचा आवाज कंपनीच्या स्वाधीन केला. क्लानला उत्तर द्यायची जागासुद्धा त्यात गेली. हे काही आम्हाला पटत नाही.

पुढची गोष्ट उताराची आहे. टेलिफोन कंपन्यांना टीव्हीच्या धंद्यात यायचं होतं आणि गावोगाव वाटाघाटी करायचा त्यांना कंटाळा. २००५ला टेक्सासने, २००६ला कॅलिफोर्नियाने परवाना राज्याच्या हाती घेतला. शहरांकडे शुल्क उरलं, वेशीवरची घासाघीस गेली. शिवाय लोक केबल सोडून इंटरनेटवर बघू लागले. तार तीच, रस्ताही तोच. पण ५ टक्के मोजायचे ते केबल सेवेवर, इंटरनेटवर नाही. मोकळ्या वाहिन्यांचे स्टुडिओ चालायचे ते बऱ्याच ठिकाणी याच पैशावर.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे काय? नव्वदच्या दशकात आपला केबलवाला गच्चीवरून गच्चीवर तार टाकत गेला. १९९५च्या केबल कायद्याने त्याची नोंदणी सोपवली पोस्टाकडे. देखरेख आली जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त अशा अधिकाऱ्यांकडे. सक्तीने दाखवायला लावलं ते दूरदर्शन. नगरपालिका या चित्रात कुठे दिसत नाही. आणि हे कधी, तर ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ला अमलात आल्यानंतर दोन वर्षांच्या आत. नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांची यादी त्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत दिली. विषय १८. रस्ते आणि पूल त्यात आहेत. दळणवळणाच्या सेवांचा उल्लेख नाही.