ताऱ्यांच्या वाटेवरील प्रेमकथा

प्रेमकथेला दुराव्याची गरज असते. दोन जीव भेटले, वडीलधाऱ्यांनी होकार दिला आणि मंगलकार्य पार पडले, एवढ्यावर गोष्ट उभी राहत नाही. मध्ये एखादी नदी, समुद्र, युद्ध, शाप किंवा निदान वडिलांचा नकार तरी यावा लागतो. कालिदासाच्या यक्षाला वर्षभराची हद्दपारी भोगावी लागली. ग्रीक महाकाव्यातील पेनेलपीने पतीची वीस वर्षे वाट पाहिली. पवित्र शास्त्रातील गीतरत्नातली वधूही आपल्या प्राणप्रियाला शोधीत रात्रीच्या अंधारात नगरातून हिंडते.

एकोणिसाव्या शतकात हा दुरावा झपाट्याने आटू लागला. १८६६ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली तार कायमची कार्यान्वित झाली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. महिनोन्‌महिने न येणारी खबर काही तासांत येऊ लागली. व्यवहाराची सोय झाली, पण कथाकाराच्या हातातील समुद्र आक्रसला. याच सुमारास त्याची नजर आकाशाकडे वळली, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. अवकाशात घडणाऱ्या प्रेमकथांकडे आपली सुशिक्षित मंडळीदेखील 'पोरकट करमणूक' म्हणून पाहतात. परंतु या कथांचा इतिहास पाहिला, तर त्यांच्या आकर्षणामागे एक गंभीर प्रश्न उभा असल्याचे दिसून येते. तो प्रश्न म्हणजे, अंतर आणि काळ यांच्यापुढे दिलेला शब्द टिकतो काय?

मंगळावरची राजकन्या

या कथांची पहिली भूमी मंगळ. तिचा उगम एका शब्दात आहे. रोममधील येशूसंघीय धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ फादर आंजेलो सेक्की यांनी १८५८ साली मंगळावरील एका काळसर पट्ट्याला 'कानाले' म्हटले होते. १८७७ साली मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असता मिलान येथील वेधशाळेतून ज्योव्हान्नी स्क्यापारेल्ली यांनी त्याचा नकाशा तयार केला आणि त्यावरील रेषांना 'कानाली' हेच नाव दिले. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ नैसर्गिक प्रवाह किंवा चर असाही होतो. इंग्रजीत मात्र तो 'कॅनाल', म्हणजे माणसाने खोदलेला कालवा, असा रूढ झाला. कालवे आहेत म्हणजे ते खणणारे कोणीतरी असणारच! अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल या धनिकाने १८९४ साली अ‍ॅरिझोनात वेधशाळा उभारली आणि मंगळावर पाण्यासाठी झगडणारी एक वृद्ध संस्कृती नांदत आहे, असे आयुष्यभर प्रतिपादन केले.

जेथे वस्ती तेथे प्रीती, हे ओघानेच आले. कामीय फ्लामारियों या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १८८९ च्या 'युरानी' या ग्रंथात विमानपूर्व काळातील बलूनच्या अपघातात मरण पावलेले प्रेमी युगुल मंगळावर पुन्हा जन्म घेते, अशी कल्पना रंगविली. १९०१ साली जॉर्ज ग्रिफिथ या इंग्रज लेखकाने तर नवदांपत्याला चंद्र, मंगळ, शुक्र, गुरू व शनी यांच्या सफरीवर धाडले. पुस्तकाचे नावच 'अवकाशातील मधुचंद्र' अशा अर्थाचे आहे.

मात्र या प्रकाराला खरी लोकप्रियता मिळवून दिली ती एडगर राइस बरोज यांनी. नाना धंद्यांत अपयश आलेला हा शिकागोचा गृहस्थ पेन्सिलींना टोक काढण्याच्या यंत्रांच्या व्यवसायात असताना लिहू लागला. १९१२ साली 'ऑल-स्टोरी' मासिकातून त्याची मंगळकथा टोपणनावाने क्रमशः प्रसिद्ध झाली, तिचे त्याला चारशे डॉलर मिळाले. पुढे १९१७ साली ती 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' या नावाने ग्रंथरूपात आली. पृथ्वीवरील सैनिक जॉन कार्टर व मंगळावरील राजकन्या देजा थोरिस यांची ही कथा. राजकन्या अंडे घालते, हे वाचून हसू येते. पण कथेचा शेवट हसण्यासारखा नाही. मंगळावरील हवा संपत आली असता कार्टर अचानक पृथ्वीवर परततो. पत्नी जिवंत आहे की नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. पुढली दहा वर्षे तो रात्री त्या तांबूस ताऱ्याकडे पाहत काढतो. तलवारींचा खणखणाट वाचक विसरतो, पण आकाशाकडे लागलेले ते डोळे विसरत नाही.

१९२३ साली रशियन लेखक अलेक्सेई टॉलस्टॉय यांच्या 'एलिता' या कादंबरीने तोच सूर अधिक खोल नेला. तिचा नायक, इंजिनिअर लोस, हा विधुर आहे. पत्नीच्या मृत्यूचे दुःख त्याला पृथ्वीवर राहू देत नाही. मंगळावर त्याला एलिता भेटते, आणि तीही दुरावते. अखेरीस पृथ्वीवर परतलेल्या लोसला आकाशवाणीच्या यंत्रातून तिची दूरची हाक ऐकू येते. एवढ्यावरच कादंबरी थांबते. दुःखापासून पळून माणूस कितीही लांब गेला, तरी ते त्याच्याच यानातून प्रवास करते, हे लेखकाने न सांगता सांगितले आहे.

काळाचा समुद्र

१९६५ च्या जुलै महिन्यात 'मरिनर ४' हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत केवळ विवरांनी भरलेली उजाड भूमी दिसली. कालवे नव्हते, नगरे नव्हती, राजकन्या तर नव्हतीच. कथाकारांना दूरच्या ताऱ्यांकडे वळावे लागले. सूर्याला सर्वांत जवळचा ताराही सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. आणि तेथे अंतराबरोबर काळही आडवा येतो.

आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या १९०५ सालच्या सिद्धांतानुसार अतिवेगाने जाणाऱ्या प्रवाशाचा काळ मंदावतो. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात एक वर्ष जाते, तेव्हा पृथ्वीवर सुमारे सात वर्षे उलटलेली असतात. मराठी वाचकाला अशा विषयांची गोडी डॉ. जयंत नारळीकर यांनी लावली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी टोपणनावाने पाठविलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले होते. गणितातील हे सूत्र प्रेमकथेत शिरले की त्याचे शोकसूत्र होते. प्रवासी तरुणच परततो आणि वाट पाहणारी वृद्ध झालेली असते, किंवा तिची कबरही सापडत नाही.

व्हिएतनामच्या युद्धात जखमी झालेले अमेरिकन लेखक जो हाल्डमन यांच्या १९७४ च्या 'द फॉरेव्हर वॉर' या कादंबरीत हे सूत्र उलटे फिरविलेले आहे. विल्यम आणि मेरीगे हे दोघे सैनिक वेगवेगळ्या आघाड्यांवर धाडले जातात. तो परतेपर्यंत शतके लोटणार, हे तिला ठाऊक आहे. मग ती काय करते? एका यानात बसून ती अतिवेगाने पुढे जाते आणि परत येते, पुन्हा जाते आणि परत येते. बाहेर दहा वर्षे सरतात तेव्हा तिचे वय जेमतेम एका महिन्याने वाढते. वाट पाहणे ही आजवर निष्क्रिय गोष्ट मानली जात होती. येथे वाट पाहणे हेच कर्म झाले आहे.

ही कथा आपल्याला परकी वाटू नये. गोवा व कोकणच्या किनाऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीवर गेली, पुढे आखातात गेली. घरी राहिलेल्या पत्नीचा एक काळ असतो आणि बोटीवरल्या पतीचा दुसरा. तो परततो तेव्हा त्याच्या मनातले मूल पाळण्यात असते, आणि दारातले मूल शाळेचे दप्तर पाठीला लावून उभे असते. आइन्स्टाइनचे गणित न शिकताही हा अनुभव आपल्या कुटुंबांनी घेतलेला आहे.

सदसद्‌विवेकाचा ग्रह

पोलंडचे लेखक स्तानिस्लाव लेम यांनी १९६१ साली लिहिलेली 'सोलारिस' ही कादंबरी मला या सर्वांत श्रेष्ठ वाटते. १९७२ साली आंद्रेई तारकोव्हस्की यांनी तिच्यावर चित्रपटही काढला. एका दूरच्या ग्रहावर एक अथांग, जणू जिवंत असा महासागर आहे. तेथील अंतराळस्थानकावर दाखल झालेल्या क्रिस केल्व्हिनच्या खोलीत एके दिवशी त्याची पत्नी हारे येऊन बसते. तिने दहा वर्षांपूर्वी, त्याच्याशी झालेल्या भांडणानंतर, आत्महत्या केलेली असते. त्या सागराने केल्व्हिनच्या स्मृतीतून तिला घडविलेले असते.

तो प्रथम तिला दूर लोटतो, पुढे तिच्यावर प्रेम करू लागतो. पण तो प्रेम कोणावर करीत आहे? गेलेल्या पत्नीवर, की स्वतःच्या अपराधभावनेवर? आणि ती, जिला आपण 'ती' नव्हे हे हळूहळू उमगते, तिच्या वेदनेचे काय? अखेर त्याला न सांगता ती नाहीशी होण्याचे स्वतःच ठरविते. मृताकडे क्षमा मागता येत नाही आणि मृताकडून ती घेताही येत नाही, ही गोष्ट पापनिवेदनाच्या संस्कारासाठी बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूच्या परिचयाची आहे. २००२ साली या कथेवर दुसरा चित्रपट निघाला, तेव्हा आपली कादंबरी अवकाशातील प्रेमाविषयी नाही, अशी तक्रार लेम यांनी केली होती. मानवी बुद्धीच्या मर्यादा हा त्यांचा विषय होता. तरीही वाचकाच्या मनात घर करून राहते ती हारे. मानवी बुद्धी कोठे थकते, हे तिच्याच रूपाने आपल्याला कळते.

लेखिकांचे योगदान

जुन्या कथांत स्त्री ही बहुधा जिंकून आणायची वस्तू होती. या प्रथेची थट्टा म्हणून अ‍ॅन मॅकॅफ्री यांनी १९६७ साली आपली पहिली कादंबरी लिहिली. त्याआधी १९६१ सालच्या त्यांच्या एका कथेत हेल्वा नावाची, अत्यंत विकल देह घेऊन जन्मलेली मुलगी एका अवकाशयानाचाच प्राण होते. ती गाते, आपल्या चालकावर प्रेम करते आणि त्याच्या मृत्यूनंतरही कर्तव्य सोडीत नाही. ज्या प्रीतीला स्पर्श ठाऊक नाही, तिचीही ही प्रेमकथाच आहे.

लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या १९८६ च्या 'शार्ड्‌स ऑफ ऑनर' या कादंबरीतील प्रसंग तर मनन करण्याजोगा आहे. कॉर्डेलिया व अ‍ॅरल हे शत्रुपक्षांचे अधिकारी एका निर्जन ग्रहावर एकत्र सापडतात. कॉर्डेलियाचा एक तरुण सहकारी मेंदूला इजा होऊन असहाय झालेला आहे. त्याचा शेवट करावा, असे अ‍ॅरल सुचवितो. ती ठाम नकार देते. तो मानतो, आणि त्या घायाळाला सांभाळीत तिघे वाट चालू लागतात. त्यांच्या प्रेमाचा आरंभ रूपाच्या मोहातून होत नाही. एका दुबळ्या जिवाला टाकून न जाण्याच्या निर्धारातून तो होतो. मेरी डोरिया रसेल यांच्या १९९६ च्या 'द स्पॅरो' या कादंबरीत परग्रहावर जाणारा येशूसंघीय फादर एमिलिओ सांदोझ आपले ब्रह्मचर्यव्रत आणि एका स्त्रीविषयीची ओढ यांच्यामध्ये उभा आहे. तेथेही प्रश्न दिलेल्या शब्दाचाच आहे.

सत्यातील एक प्रसंग

कल्पनेतून आता सत्याकडे वळू. १९७७ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत 'व्हॉयेजर' ही दोन याने झेपावली. त्यांच्यावर पृथ्वीचा संदेश कोरलेली सोनेरी तबकडी आहे. तीत ५५ भाषांतील शुभेच्छा असून मराठी ही त्यांपैकी एक. गोव्याच्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवीही तीत आहे. दुसरे यान निघाले त्याच महिन्यात केसरबाईंचे निधन झाले. त्याच तबकडीत अ‍ॅन ड्रुयान यांच्या मेंदूतील लहरी ध्वनिरूपात नोंदलेल्या आहेत. तबकडीच्या कामात सहकारी असलेल्या कार्ल सेगन यांच्याशी विवाह करण्याचे त्यांनी नुकतेच, दोनच दिवसांपूर्वी, ठरविले होते, आणि त्या तासभरात त्यांच्या मनात ती प्रीतीही होती.

मात्र इतिहास गोष्टीइतका निर्मळ नसतो. सेगन तेव्हा विवाहित होते, आणि त्यांच्या पत्नी लिंडा यांनीही याच तबकडीसाठी काम केले होते. शुभेच्छांचे संकलन त्यांचेच. एका बाईचे प्रेम आणि दुसरीचे दुःख एकाच सोनेरी तबकडीबरोबर ताऱ्यांकडे निघाले आहे. १९८१ साली सेगन व ड्रुयान यांचा विवाह झाला आणि १९९६ साली सेगन यांच्या मृत्यूपर्यंत तो टिकला. पहिले 'व्हॉयेजर' २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले.

तेव्हा आपली तरुण मुले अशी पुस्तके वाचताना दिसली, तर ती हातून काढून घेण्याची घाई आपण करू नये. यानांची नावे व ग्रहांची वर्णने ती लवकरच विसरतील. दहा वर्षे आकाशाकडे पाहणारा कार्टर, यानात बसून काळाला थोपविणारी मेरीगे, घायाळाला सोडून जायला नकार देणारी कॉर्डेलिया त्यांच्या ध्यानात राहतील. वेदीसमोर उभे राहून सुखात आणि दुःखात एकनिष्ठ राहण्याचे वचन ती कधीतरी देतील. त्या वचनाची किंमत किती मोठी असू शकते, याची थोडीशी कल्पना त्यांना तोवर आलेली असेल.